नाव बुजवलेले टायर

फोंड्याला तिस्कावर माझं टायरचं दुकान, बावीस वर्षं.
हातात रबर इतकं मुरलंय
की तीर्थ देताना भटजी
पळी जरा उंचावरूनच सोडतात.

गिऱ्हाईक विचारतं, चांगला कुठला?
मी नक्षीच्या खाचेत अंगठा घालून
थोडा वेळ गप्प राहतो.
त्या गप्प राहण्याचे
दीडशे रुपये जास्त मिळतात.

मग बेळगावहून कंपनीचा एक पोरगा आला,
इस्त्रीचा शर्ट, हातात छापील तक्ता.
म्हणाला, ओल्या वळणावर आमचा टायर
चालवणाऱ्याला लगेच कळतो.
कुणाला कळतो, मी म्हटलं.
समोरच पायलटांचा थांबा,
पिवळ्या मडगार्डांची रांग;
कुणी पेपर वाचत होतं,
कुणी मोटरसायकलच्या चावीनं कान कोरत होतं.

तीन गाड्या घेतल्या.
टायरांवरची नावं काळ्या रंगानं बुजवली.
सगुणला महागडे, त्या पोराचे.
म्हाबळूला दुकानातले सगळ्यात स्वस्त.
आणि कायतानला त्याचेच जुने:
काढले, धुतले, पुन्हा चढवले.
हे ठाऊक फक्त मला आणि पान्याला.
म्हटलं, मार्दोळपर्यंत जाऊन या,
भाडं माझ्याकडून.

कायतान पहिला परतला, हेल्मेट काढायच्या आधीच बोलत.
"पात्रांव, हें चिकटता रे रस्त्याक!
फर्मागुडीच्या देंवतेर पांय सुद्दां टेंकूंक ना!"
आणि टायरला थोपटलं त्यानं, पाडसाला थोपटावं तसं.
त्याच टायरला सकाळी
आईवरून शिवी घातली होती.
पोरगा भराभर तक्त्यात लिहीत होता.
मी पाना पुसत राहिलो.

म्हाबळू म्हणाला, बरे आहेत.
बरे म्हणजे कसे?
बरे म्हणजे बरे.
वाटेत चुलतभावाचा साडू भेटला,
म्हार्दोळच्या जमिनीची केस पुन्हा पुढे ढकललीय,
तेच डोक्यात होतं येईपर्यंत.
टायर? हां, होते की खाली.

सगुण सगळ्यात उशिरा आला.
एकोणतीस वर्षं लोकांना पाठीशी बसवून
त्याची पाठ एका बाजूला किंचित कललीय.
गाडी स्टँडवर चढवली, उकिडवा बसला,
मागचं चाक हातानं एकदा फिरवलं, ऐकलं.
"टायराचें म्हाका कळना," म्हणाला,
"पूण वारें आयज तुवें बरोबर भरलां."

खरं होतं.
त्याच्या चाकात नेहमी आठ-नऊ पौंड कमी;
पेट्रोलपंपावरचं हवेचं मशीन
चवथीपासून बंद आहे,
आणि माझ्याकडे हवा फुकट असूनही
समोरून, रस्ता ओलांडून
तो कधी आला नाही, मी कधी बोलावलं नाही.
पोराच्या तक्त्यात हवेचा रकाना नव्हता.

जाताना तो नमुन्याची एक जोडी ठेवून गेला.
दुकान बंद करताना ती मी माझ्याच गाडीला चढवली
आणि घरी कुणाला काही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी प्रमोदिनी मागे बसली.
कवळ्याच्या वाटेवर एक वळण आहे,
डोंगरातलं पाणी बारा महिने रस्त्यावर झिरपतं
आणि चिऱ्यांचे ट्रक त्यावर तांबडा चिखल सांडतात.
त्या एका जागी ती माझा शर्ट धरते,
उजवीकडे, बरगडीखाली, मूठभर.
लग्नापासून. बाकी कुठेच नाही.

त्या दिवशी धरला नाही.

घरासमोर गाडी थांबवून मी विचारलं,
काही वेगळं वाटलं का?
कशात, ती म्हणाली.
मी म्हटलं, काही नाही.

टायरचा गुण असेल.
किंवा तिच्या भावाला दिलेल्या पैशांवरून
दोन दिवस आमच्यात जे चाललंय ते.
आरशात शर्ट बघितला: उजवीकडे
एकही सुरकुती नाही, इस्त्री जशीच्या तशी.

उद्या जुने चढवून बघेन.
हवा मात्र तेवढीच ठेवून.